छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांना खुले पत्र: शिकारी पक्ष्याचा चेहरा तोलताना

प्रति,
पक्षी व वन्यजीव छायाचित्र स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक,
मराठवाडा

सस्नेह नमस्कार.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो आणि ५ ते १२ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह. दोन्हींच्या निमित्ताने आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी, कधी तालुक्याच्या कॉलेजात, छायाचित्र स्पर्धा भरतात. प्रदर्शन लागलं की मी आवर्जून जातो. अलीकडे बक्षीसपात्र फोटोंत एक प्रकार हमखास दिसतो: शिकारी पक्ष्याचा चौकट भरून चेहरा. कापशीचा लालभडक डोळा, शिक्र्याची आकडेबाज चोच, भोवत्याची समोर रोखलेली नजर. हे फोटो मला मनापासून आवडतात. मी स्वतः बालाघाटच्या माळावर तेच काढत असतो. म्हणून हे पत्र वन खात्याला न लिहिता आपल्याला लिहितोय.

कोणत्या फोटोला पहिला नंबर मिळाला हे पाहून पुढच्या हिवाळ्यात पोरं माळावर उतरतात. असा फोटो आपल्यालाही मिळायचा तर काय करावं लागेल, याचा विचार त्या प्रदर्शनातच सुरू होतो. चेहरा किती जवळून दिसतो एवढंच आपण तोललंत, तर पक्ष्याच्या जवळ कसंही पोचलं जाईल. आणि ते कसंही पोचणं मी गेली काही वर्षं डोळ्यांनी पाहतोय. माझी विनंती एकच आहे. फोटो कसा मिळाला हे विचारा, आणि ते फोटोतून जेवढं ओळखता येतं, तेवढं वाचायला शिका.

आधी हे पक्षी कुठे भेटतात ते सांगतो. पाटोदा, आष्टी, भूम, परांडा, तुळजापूर या पट्ट्यात कुसळी गवताची माळरानं आणि गायरानं अजून शिल्लक आहेत. सरकारदरबारी त्यांतली कितीतरी जमीन पडीक म्हणून लागलेली असते. ऑक्टोबरात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून भोवत्या इथे येतात, मार्चपर्यंत राहतात. दिवसभर ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारावरून जमिनीलगत फिरत नाकतोडे, उंदीर टिपतात आणि संध्याकाळी माळावरच्या गवतात, जमिनीवर, एकत्र रातथारा करतात. कापशी, शिक्रा, तिसा हे बारमाही. सापमार गरुड सापासरड्यांच्या मागे घिरट्या घालतो. खरुची, म्हणजे छोटा ससाणा, थंडीची पाहुणी. ओढ्याच्या दरडीत शृंगी घुबड. जायकवाडीला नाथसागराच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात ऑस्प्रे मासे मारायला येतो, पण ते अभयारण्य आहे, तिथे फोटो काढायलाही परवाना लागतो. बाकी सगळं मोकळं रान. तिथे ना गेट, ना गाईड, ना चौकीदार. तिथला नियम म्हणजे येणाऱ्याची समज, आणि ती समज बऱ्याच अंशी आपल्या निकालातून घडते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. जवळचा फोटो म्हणजे मोठी लेन्स, असा समज आहे. लेन्स लागतेच. पण ६०० मिलिमीटरची लेन्स एफ ६.३ वर, म्हणजे छिद्र बरंच उघडं ठेवून, फुल फ्रेम कॅमेऱ्याने दहा मीटरवरचा पक्षी टिपला, तर जेमतेम दहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. पाच मीटरवर गेलात तर अडीच सेंटिमीटर. म्हणजे पक्षी समोर तोंड करून बसला तर डोळा लख्ख आणि चोचीचं टोक धूसर, किंवा उलट. अंतर निम्मं केलं की खोली चौथाईवर येते. फार जवळ जाऊन चेहरा सुधारतोच असं नाही, हे एवढ्या गणितावरून कळतं. अनुभवी माणूस थोडा मागे राहतो, छिद्र जरा लहान करून एफ ८ ला येतो, मान जरा तिरकी होऊन डोळा आणि चोच एका पातळीत येण्याची वाट पाहतो. परीक्षक म्हणून आपण हे पाहू शकता. डोळ्याची बाहुली, चोचीच्या मुळाची पिवळी त्वचा आणि टोक तिन्ही एका वेळी स्पष्ट असतील तर त्या माणसाने वाट पाहिलेली आहे.

या वाट पाहण्याची सगळ्यात चांगली सोय आपल्या शेतकऱ्यानेच करून ठेवलेली असते. घाटेअळीसाठी हरभऱ्यात पक्षी थांबे लावतात, ते आपण पाहिले असतील. कृषी विभाग दरवर्षी सांगतो: आडवी काठी ठोकलेल्या काठ्या पिकाच्या वर येतील अशा रोवा. कोतवाल त्यावर बसून अळ्या वेचतो. उंदरावर डोळा ठेवून कापशीही येते. डिसेंबरात उजाडायच्या आत मी ओळखीच्या शेतात, बांधावरच्या बोरीच्या आडोशाला, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून आत बसतो. ऊन पाठीशी येईल अशी जागा आदल्या संध्याकाळीच हेरलेली असते. कॅमेऱ्याखाली ज्वारी भरलेली कापडी पिशवी. तिवईपेक्षा ती बरी, हालचाल कमी होते आणि लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला राहते.

कापशी लगेच बसत नाही. एकदा वरून फिरून जाते. मग थांब्यावर उतरते, शेपूट वर-खाली झटकते, मान हलवून अंतर जोखते. पिसं अंगाला चिकटलेली, मान ताणलेली. या वेळी मी बटणाला बोट लावत नाही, कारण शटरचा आवाज आत्ता झाला तर ती गेलीच. थोड्या वेळाने पोटाची पिसं सैल सुटतात, एक पाय वर पोटात जातो, चोच छातीतून फिरायला लागते. तिने मला पाहिलेलं असतंच, पण आता माझा हिशोब संपवून ती आपल्या कामाला लागलेली असते. खरा चेहरा इथून पुढे मिळतो. पहिला फोटो काढला की थांबायचं, ती वळून पाहते का ते बघायचं. नाही पाहिलं तर दुसरा. मान फिरताना मधेच डोळ्यावर तिसरी पापणी सरकते आणि लाल डोळा दुधाळ होऊन जातो, म्हणून एकाच फ्रेमवर विसंबता येत नाही. उडायचं ठरवलं की ती पुढे झुकते, बहुतेक वेळा शिटते, आणि वाऱ्याच्या तोंडाला झेपावते. वारा कुठून येतोय हे माहीत असलं की ती कोणत्या बाजूला वळणार हेही कळतं.

शेताच्या मालकीणबाई, त्यांना मी मावशी म्हणतो, एकदा पेंढ्यांपाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तिला खाऊ दे बाबा आधी. तिच्या पोटात जाईल तो उंदीर माझ्या हरभऱ्यात यायचा नाही." मी कॅमेरा खाली ठेवला. ती उतरली, गवतात पडली, पायात काहीतरी घेऊन बाभळीकडे गेली. त्या दिवशी फोटो झाला नाही.

कापशीचा चेहरा तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, आणि त्याचा हिशोब गुणांत यायला हवा. अंग पांढरं, डोळ्याभोवती काळा डाग, त्यात लाल डोळा. मागे काळी माती असली की कॅमेरा फसतो, सगळंच काळं समजून उजळ करतो आणि पांढरी छाती जळून जाते. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्यावं लागतं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). तेच मागे उघडं आभाळ असेल तर उलट, वर. ऊन आपल्या पाठीमागून आलं नाही तर डोळ्यात चमक येत नाही आणि लाल डोळा त्या काळ्या डागात बुडून जातो. मग लोक संगणकावर डोळ्यात चमक घालतात, लाली वाढवतात. हे पकडणं फारसं अवघड नाही. खऱ्या चमकेत आभाळ आणि जमिनीची रेघ दिसते, आणि अंगावरच्या सावल्या त्याच दिशेच्या असतात. शिवाय डोळ्याचा रंग हा पक्ष्याचा दाखला असतो. कापशीच्या पिलाचा डोळा आधी तपकिरी-पिवळट, मग नारिंगी, आणि प्रौढपणी लाल. पाठीवरच्या पिसांना फिकट किनार असलेल्या पिलाचा डोळा जर टोमॅटोसारखा लाल दिसला, तर तो रंग पक्ष्याचा नव्हे, संगणकाचा.

अशा चेहऱ्यांची खरी किंमत भोवत्यांच्या बाबतीत कळते. फिकट भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या आणि पिलं दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. उडताना दुरून ओळखताना भलेभले अडतात. ओळख चेहऱ्यावर असते. कानाजवळचा गडद डाग आणि त्यामागे फिकट गळपट्टी ठळक असेल तर फिकट भोवत्या. डोळ्याभोवती पांढरं जास्त आणि गळपट्टी नसल्यातच जमा, तर माँटेग्यूचा. यातला फिकट भोवत्या जागतिक यादीत संकटसमीप आहे. तो आपल्या माळावर किती ठिकाणी येतो, हे चेहऱ्याच्या चांगल्या फोटोवरून सांगता येतं. म्हणून या फोटोंना बक्षीस द्याच. फक्त त्यात पक्ष्याचं नाव, वय, नर-मादी बरोबर लिहिलेलं आहे का, यालाही गुण ठेवा. "ईगल" असं नाव टाकून आलेली कापशी मी प्रदर्शनात पाहिलेली आहे.

हवेबद्दलही दोन शब्द. काळ्या मातीवर हिवाळ्यातही नऊ-साडेनऊनंतर हवा थरथरू लागते. लांब लेन्समधून ती थरथर पिसांवर उतरते, फोटो मऊ पडतो. त्याला लेन्स, फोकस, कॅमेरा कुणीच जबाबदार नसतं आणि कितीही शार्पनिंग केलं तरी ती जात नाही. उलट पिसांच्या कडांना पांढरी रेघ येते. तापलेल्या बॉनेटवरून, डांबरी रस्त्यावरून किंवा एसी चालू असलेल्या गाडीच्या खिडकीतून काढलं तर सकाळीही तेच. उपाय दोनच: लवकर जा, आणि मधलं अंतर कमी करा. हे अंतर कमी करणं आलं की मोह सुरू होतो.

त्या मोहाची गोष्ट लिहायलाच हवी. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका माळावर मेंढरं चारणाऱ्या माणसाने मला बोलावून दाखवलं. रस्त्यापासून जरा आत, उंच गवत कापून केलेला मोकळा तुकडा. मधोमध रोवलेली वाकडी, दिसायला सुंदर फांदी. तिच्यापुढे जमिनीत ठोकलेला खिळा आणि खिळ्याला नायलॉनचा बारीक दोरा. पांढरा उंदीर बांधला होता, असं तो म्हणाला. दुकानात मिळतो तसला. दोन गाड्या उभ्या होत्या, चार-पाच जण होते, कापशी दोनदा झेपावली. दुसऱ्या वेळी उंदीर दोऱ्यासकट उचलला आणि दोऱ्याने अडकून खाली आदळली. मग सुटली. सुटताना पायात काही राहिलं होतं का, हे त्याला दिसलं नाही. पुढे कुठल्याशा प्रदर्शनात तीच वाकडी फांदी मी ओळखली. फोटो अप्रतिम होता. दोन्ही पाय पुढे, पंख उघडे, डोळे थेट लेन्सकडे. त्याला बक्षीस होतं.

परीक्षकांना दोरा दिसत नाही, हे मान्य. पण खुणा असतात. पक्षी लेन्सच्या रेषेत, जमिनीच्या फूटभर वरून, थेट समोर येतोय आणि नजर कॅमेऱ्याच्या किंचित खाली खिळलेली आहे. पायातला उंदीर पांढरा किंवा ठिपक्यांचा आहे, शेतातला तपकिरी-राखी नाही. वेगवेगळ्या नावांच्या प्रवेशिकांत फांदी तीच, तिच्यावरची गाठही तीच, वेळेत मिनिटाचाही फरक नाही. यातली एखादी खूण एकटी असेल तर ती प्रामाणिक फोटोतही सापडते, म्हणून नुसत्या खुणेवरून कुणाला बाद करू नका. त्याऐवजी सलग फ्रेम मागा. विजेत्या फोटोच्या आधीच्या दहा-पंधरा आणि नंतरच्या दहा-पंधरा, मूळ रॉ फाइलसह, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या, फेरफार न केलेल्या फाइलसह. आमिषाशिवाय काढलेल्या फोटोची मालिका वाकडीतिकडी असते. त्यात पाठ दिसते, पिसं विंचरणं दिसतं, कापलेलं डोकं, धूसर मान, सगळं येतं. आणि शेवटच्या फ्रेममध्ये पक्षी अजून बसलेला आहे की घाबरून उडतोय, हे सगळ्यात बोलकं असतं. पक्षी आपल्या जागी राहिला आणि माणूस निघून गेला, अशी मालिका माझ्या मते पहिल्या नंबराची.

कायदाही आपल्या बाजूने आहे, फक्त तो नियमावलीत कुणी लिहीत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, त्यात वन्य प्राण्याला आमिष दाखवणं येतं, आणि वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. गोळी झाडायलाच हवी असं नाही. अनेक चांगल्या माणसांना हे खरोखर माहीत नसतं. प्रवेशिकेवर दोन ओळीत छापलं तरी निम्मे लोक सावध होतील.

घरट्यावरचे फोटो तर सरळ बंद करा. शिक्रा गावाजवळच्या कडुलिंबावर, आंब्यावर घरटं करतो, कापशी बाभळीवर. फोटो मोकळा यावा म्हणून मधली डहाळी कापली की सावली जाते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन चाळिसाच्या वर असतं. आई तासभर लांब राहिली तर पिलं उन्हाने मरतात, आणि कावळे टपलेलेच असतात. "झूम लेन्सने काढलाय" या सबबीला अर्थ नाही, कारण परीक्षकाला ते अंतर तपासता येत नाही आणि पाहणाऱ्या दहा जणांना तिथे जायची इच्छा होते. शृंगी घुबडाच्या बाबतीत जास्तच जपा. दिवाळीच्या अमावास्येच्या सुमाराला घुबडांवर जादूटोण्यापायी काय वेळ येते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दरडीचं ठिकाण फोटोखाली गावाच्या नावासकट लिहिणं म्हणजे पकडणाऱ्याला पत्ता देणं. प्रवेशिकेत ठिकाण फक्त तालुक्यापर्यंत मागा, आणि निकाल जाहीर करण्याआधी फाइलीतले जीपीएस आकडे काढून टाका. भोवत्यांच्या रातथाऱ्याचंही तसंच. संध्याकाळी त्या गवतात गाडी घातली की सगळा थवा अंधारात उठतो आणि पुन्हा कुठे बसणार, याला उत्तर नसतं. आमच्या भागात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांनी माळ आधीच आखडत चाललाय, दुसरी जागा प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही.

नव्या मुलांना मात्र हिरमुसलं करू नका. त्यांच्याकडे सहाशेची लेन्स नसते, जुना कॅमेरा आणि दोनशे-तीनशेची लेन्स असते. अशांसाठी वेगळा गट ठेवा, पक्षी त्याच्या शिवारासकट: तुरीच्या पिवळ्या फुलांवर बसलेली खरुची, ज्वारीच्या कणसांवरून जाणारा भोवत्या, विजेच्या खांबावरचा तिसा आणि खाली बैलगाडी. त्या गटाला मोठ्या गटाइतकंच बक्षीस द्या. दोन-तीन हिवाळे असं काढलं की पक्ष्याच्या सवयी कळतात, आणि पुढे चेहरा मिळवायला दोरा-खिळा लागत नाही. ज्या शेतात ही मुलं बसतात त्या शेतकऱ्याचं नाव, त्याची संमती घेऊन, फोटोखाली छापा. आखाड्यावर चहा पाजून, कुत्रं बांधून, पोरांना बांध दाखवणारा तोच असतो.

यंदाच्या प्रवेशिका छापायच्या राहिल्या असतील तर एवढं त्यात घालावं: रॉ फाइल आणि सलग फ्रेम बंधनकारक, आमिष आणि पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं बाद, घरटं बाद, ठिकाण तालुक्यापुरतं, आणि फोटो कसा मिळाला याच्या पाच ओळी मराठीत. पाच ओळींना दहा गुण ठेवा. खोटं लिहिता येईल, हे खरं आहे. पण ज्याने खरंच वाट पाहिलीय त्याच्या पाच ओळीत वारा कुठून होता, पक्षी किती वेळाने सैल पडला, कोण आधी उठलं, हे आपोआप येतं. ते वाचून कळतं.

नियमावलीचा मसुदा करायला किंवा प्रवेशिका तपासायला माणूस कमी पडत असेल तर मी बसायला तयार आहे. माझा फोटो त्या वर्षी स्पर्धेत नसेल. आमच्या भागातले आणखी दोघं-तिघं सोबत येतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. रविवार सोडून कुठलाही दिवस सांगा.

आपला,
बालाघाटच्या माळावर फोटो काढणारा एक छायाचित्रकार
जिल्हा बीड